पाणी कुठनं सोडलंय?

मे महिन्यातली सकाळ, मालवणजवळच्या देवबागचा किनारा. वारा ठार बंद होता. माडाच्या झावळ्या हलत नव्हत्या, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल सरळ खाली लोंबत होते, आणि सकाळी आठलाच मानेवरून घाम ओघळत होता. पाण्यावर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. तरीही दर थोड्या वेळानं आत, लांबवर, पाण्याचा एक रुंद पट्टा काही आवाज न करता वर यायचा, तसाच उचललेला किनाऱ्याकडं सरकायचा, जवळ आल्यावर उभा राहायचा आणि दाणकन कोसळायचा. बसल्या जागी पायाखालच्या वाळूत तो दणका कळायचा. मग बराच वेळ काही नाही, फक्त फेस वाळूत जिरतानाची चरचर, आणि पुन्हा आत कुठंतरी तसाच एक पट्टा. आमच्या दाजींचं सगळं आयुष्य पंचगंगेच्या काठावर ऊस लावण्यात गेलंय. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “आयला, वारं न्हाई, पाऊस न्हाई, मग एवढं पाणी कुठनं सोडलंय?” आम्ही पोट धरून हसलो. माडाच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेले आजोबा मात्र हसले नाहीत. मान वर न करता म्हणाले, “वारो हयसर नाय. खंय तरी दुसरीकडे असतलो. ही लाट हयची न्हय.” आणि दातानं दोरा तोडून जाळ्याच्या पुढच्या भोकाकडं वळले.

हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की दाजींचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो फक्त कोल्हापुरी होता. आपल्याकडं पाणी कुणीतरी सोडल्याशिवाय येत नाही. जुलै लागला की आख्खं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर जगतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि मधल्या चार फुटांत चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडवायला लागतात. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, गगनबावड्यात रात्रभर किती पडला, हे दुधाच्या पिशवीबरोबर घरात येतं. पूर उतरला की मग भांडण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं. पाणी आलं की त्याचा पत्ता शोधायचा आणि पत्ता सापडला की शिव्या द्यायला जागा मिळते, ही आमची रीत. त्यामुळं ‘लाट हयची न्हय’ हे ऐकून कोल्हापूरचा माणूस स्वस्थ बसेल कसा? मग कुठली?

परतीला फोंडा घाट चढताना मागच्या सीटवर सगळे पेंगत होते आणि मी आमच्या हक्काच्या समुद्राचा, म्हणजे कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचा, विचार करत होतो. लाटांविषयी माझं जे काही ज्ञान ते तिथलं. लहानपणी संध्यामठाच्या बाजूला बसून आम्ही तासन्‌तास बघायचो. वळवाच्या आधी एकाएकी वारा सुटतो, पाण्यावर आधी अंगावर काटा यावा तशी बारीक शहारी उठते, मग तिच्या वळ्या होतात, वळ्यांच्या लाटा होतात आणि पलीकडच्या काठावर दगडांवर चापचाप वाजायला लागतं. वारा पडला की पाचदहा मिनिटांत सगळं निपचित. भेळेचा कागद चाटून संपेपर्यंत समुद्राचा तलाव झालेला. म्हणजे वारा आहे तोवर लाट आहे, हा नियम आम्ही भेळेबरोबर खाल्लेला. देवबागला तो मोडला होता.

रंकाळा तसा खोटं सांगत नाही, तो अर्धंच सांगतो. सुरुवात समुद्रातही तशीच होते. वारा गुळगुळीत पाण्यावरून जाताना नुसता घासत नाही, तो कमीजास्त दाबानं पाण्यावर पडतो, त्यातून बारीक शहारी उठते, आणि एकदा पाण्याला उठाव मिळाला की वाऱ्याला ढकलायला पाठ मिळते. लाट जितकी वर, तितका वाऱ्याचा हात तिच्यावर जास्त. पण ती किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं : वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि पाण्यावरून सलग किती अंतर वाहिला. रंकाळ्यात तिसरी गोष्टच मार खाते. या काठावरून त्या काठाला जेमतेम एक किलोमीटर, तेवढ्यात लाटेचं बाळसं ते किती धरणार. सेकंदभराच्या अंतरानं येणारी, दीडेक मीटर लांबीची लाट, आणि तिला मोठं व्हायच्या आत दगड लागतो.

आता नकाशा उघडा आणि पार खाली बघा. आफ्रिकेच्या टोकाखाली, ऑस्ट्रेलियाच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या अलीकडं पृथ्वीभोवती पाण्याचा एक अखंड पट्टा आहे. साधारण साठ अक्षांशावर तर पश्चिमेकडून निघालेल्या वाऱ्याला फिरून आपल्याच जागी येईपर्यंत जमीन आडवी येत नाही. तिथं एकामागून एक वादळं फिरत असतात आणि आपल्याकडं मे महिन्यात लाही लाही होत असते तेव्हा त्यांचा हिवाळा तोंडावर आलेला असतो. शेकडो किलोमीटर रुंदीचं वादळ दोन-तीन दिवस एकाच दिशेनं पाणी हाणत राहिलं की तिथं जे माजतं त्याला लाटा म्हणणं म्हणजे उपकार. सगळ्या मापाच्या, सगळ्या दिशांच्या, एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या. या गोंधळात लहान लाटा आपली ताकद हळूहळू लांब लाटांना देत जातात, हे गणित क्लाउस हासेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं १९६२ साली मांडलं. पुढं २०२१ मध्ये त्यांना हवामानाच्या कामासाठी नोबेल मिळालं तेव्हा बातम्यांमध्ये लाटांचा फारसा उल्लेख नव्हता, याचं मला उगाचच वाईट वाटलं. लाट जितकी लांब, तितकी खोल पाण्यात वेगवान. सोळा सेकंदांच्या अंतरानं येणारी लाट खुल्या समुद्रात चारशे मीटर लांब असते आणि तिचा माथा ताशी नव्वद किलोमीटरनं पळतो. म्हणजे अशी लाट वाऱ्याच्याही पुढं निघून जाऊ शकते. वादळ मागं राहतं, विरतं, त्याचं नावनिशाण हवामानाच्या नकाशावरून पुसलं जातं, आणि लाटा आपल्या वाटेनं चाललेल्या असतात. वादळातून बाहेर पडलेल्या, वाऱ्याशी नातं तुटलेल्या या लाटांना खलाशी आणि शास्त्रज्ञ स्वेल म्हणतात.

आजोबांनी जाळ्यावरची नजर न हलवता सांगितलं ते हेच.

मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते या लाटांच्या शिस्तीनं. वादळात सगळ्या मापाच्या लाटा एकत्र कालवलेल्या असतात, पण प्रवासात त्या आपोआप वेगळ्या होतात, कारण प्रत्येकीचा वेग वेगळा. शिवाय माथा जितक्या वेगानं पळतो त्याच्या निम्म्या वेगानंच लाटांचा जथा पुढं सरकतो. माथे जथ्याच्या मागच्या बाजूला जन्मतात, भराभर पुढच्या टोकाला येतात आणि तिथं विरून जातात. तेव्हा देवबागला फुटलेली लाट म्हणजे दक्षिणेत उठलेला तोच माथा नव्हे, त्याच्यासारखे किती माथे वाटेत आले नि गेले असतील. हिशोब मात्र सोपा आहे. तिथून कोकण साधारण सात हजार किलोमीटर धरा. वीस सेकंदांच्या लाटांचा जथा पाच दिवसांत पोचतो, सोळा सेकंदांचा साडेसहा दिवसांत, बारा सेकंदांचा आठ-नऊ दिवसांत. आधी लांब लाटा, मग जरा आखूड, मग आणखी आखूड. किनाऱ्यावर घड्याळ घेऊन बसलेल्या माणसानं दोन लाटांमधले सेकंद रोज कसे कमी होतायत ते टिपलं, तर वादळ किती दूर आणि कधी झालं ते त्याला जागेवरून न उठता काढता येतं. इंग्लंडमध्ये बार्बर आणि उर्सेल या दोघांनी खरोखरच ते केलं आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केलं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लाटा मोजून त्यांनी अटलांटिकच्या पार दक्षिण टोकाकडच्या वादळांचा माग काढला. पाण्याचा पत्ता शोधणारे तेही आमचेच भाऊबंद म्हणायचे.

आणि मग वॉल्टर मंक. व्हिएन्नात जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला हा माणूस १०१ वर्षं जगला, २०१९ मध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर उतरवायचं तर पाच-सहा फुटांपेक्षा उंच लाटा चालत नव्हत्या, बोटी आडव्या व्हायच्या. म्हणून त्यानं आपले गुरू हारल्ड स्वेर्ड्रुप यांच्याबरोबर लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली, ती १९४२ च्या उत्तर आफ्रिकेच्या आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या उतराईला उपयोगी पडली. ते असो, युद्धाच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला भावतो तो १९६३ चा मंक. दक्षिणेत उठलेल्या लाटा सबंध पॅसिफिक ओलांडताना किती थकतात हे त्याला बघायचं होतं. म्हणून न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, दहा हजार किलोमीटरहून लांब रेषेवर, त्यानं सहा ठिकाणी लाटा मोजायची यंत्रं मांडली. रेषेवर एका जागी बेटच नव्हतं, तिथं फ्लिप नावाचं जहाज नेलं. १०८ मीटर लांबीचं हे जहाज एका टोकात पाणी भरून चक्क उभं राहायचं, म्हणजे लाटांनी हलायचं नाही. मंक स्वतः कुटुंबाला घेऊन सामोआच्या एका बेटावर जाऊन राहिला. काय सापडलं? वादळाच्या आसपास लाटा बरीच ताकद गमावतात, पण एकदा त्या टापूतून सुटल्या की लांब लाटा जवळजवळ काहीच गमावत नाहीत. त्या पसरतात म्हणून बुटक्या होतात, थकून नव्हे. पाण्याशी घर्षण होऊन लाट मरेल असं आपल्याला वाटतं, पण ते बारीक लाटांच्या बाबतीत खरं. चारशे मीटर लांबीच्या लाटेला पाणी जवळजवळ अडवतच नाही. तिला संपवायला किनाराच लागतो.

इतकं वाचून झाल्यावर दाजींना फोन केला. म्हटलं, “दाजी, पाणी कुणी सोडलेलं नव्हतं. पाणी तिथलं तिथंच होतं.” ते म्हणाले, “मग मी काय बघिटलं?”

हे सांगायला मला खरंच जड गेलं, कारण २०१९ मध्ये त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. २०२१ ला परत. दोन्ही वेळा बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. पूर ओसरल्यावर आम्ही साफ करायला गेलो तेव्हा भिंतीला छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ, फ्रीज आडवा पडलेला, ज्वारीचं पोतं फुगून फाटलेलं, आणि तो वास, जो पुढं दिवाळीच्या रंगानंही गेला नाही. त्या पाण्यानं राधानगरीची, दाजीपूरच्या जंगलाची माती आणून घरात ठेवली होती. नदीचं पाणी येतं म्हणजे खरोखर येतं, हाडामांसानं. समुद्राच्या लाटेत पाणी येत नाही, येतो तो धक्का. लाट जाते तेव्हा पाण्याचा प्रत्येक कण वर, पुढं, खाली, मागं असा एक गोल फिरून जवळजवळ आपल्या जागी परततो. वरचे कण मोठा गोल फिरतात, खालचे लहान, आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर सगळं स्थिर. मी दाजींना जोतिबाच्या यात्रेतली सासनकाठी सांगितली : वाटेत खांदे बदलत राहतात, काठी पुढं जाते. ते त्यांना पटलं. पण त्यांचा चेहरा मला फोनवरही दिसत होता. ज्या माणसानं पाण्याला घरातून बादलीनं बाहेर काढलंय त्याला ‘पाणी येत नाही’ म्हणणं बरं दिसत नाही. आणि खरं तर मलाही कुठंतरी ही लाट चकवा देणारी वाटली. सात हजार किलोमीटरवरून आली आणि तिथलं एक थेंबभर थंड पाणीही घेऊन आली नाही. ज्यानं तिला पाठवलं ते वादळ मेलेलं. भांडायचं कुणाशी?

किनाऱ्याजवळ मात्र तिचा खरा रंग दिसतो. चारशे मीटरच्या लाटेला दोनशे मीटर खोलीवरच तळ जाणवायला लागतो, म्हणजे किनारा नजरेत यायच्या कितीतरी आधी. तिथून तिचा वेग कमी होत जातो. दहा मीटर पाण्यात ताशी छत्तीस किलोमीटर, दोन मीटर पाण्यात सोळा. पण दोन लाटांमधले सेकंद बदलत नाहीत. पुढची मंदावते, मागून येणारी अजून वेगात असते, म्हणून त्या एकमेकींजवळ दाटतात, आखडतात आणि उंच होतात. आत समुद्रात होडीतल्या माणसाला कळणारही नाही असा मीटरभराचा फुगवटा वाळूजवळ आला की उभा राहतो, आणि पाण्याची खोली त्याच्या उंचीच्या जवळपास आली की कोसळतो. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेली वाळूची पट्टी. तिथल्या माणसांना लाट कुठली याच्यापेक्षा ती किती आत येणार याची काळजी. किनाऱ्याला दगड टाकून बंधारे घातलेत, त्यांच्या मागं माडांची मुळं उघडी पडलेली दिसतात. सगळ्याच लाटा दक्षिणेतून येतात असंही नाही. जानेवारीत आंबा मोहरतो तेव्हा रत्नागिरी-गोव्याकडं वायव्येकडून लाटा येतात, त्या आखातातल्या शमाल वाऱ्यानं उठवलेल्या. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा वारा अंगणातच असतो. तोच वारा पुढं सह्याद्री चढतो, गगनबावड्यात रिता होतो आणि बंधाऱ्याचा आकडा वाढवतो. म्हणजे जुलैत दाजी आणि ते आजोबा एकाच वाऱ्याचं देणं भरत असतात. फक्त आजोबांच्या लाटेचं पाणी समुद्रातच राहतं आणि दाजींचं पाणी, समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असताना, उलटं वळून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं.

या सगळ्यात वर्तमानपत्रं वाचताना माझी चिडचिड वाढली आहे. दर पावसाळ्यात मथळा येतो : ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. तो आकडा असतो भरतीचा. चंद्र-सूर्याच्या ओढीनं समुद्राची पातळी किती चढणार, ते वर्षभर आधी छापून ठेवता येतं. लाट किती उंच, हे त्यातून कळतच नाही. भरती साडेचार मीटरची असून समुद्र लोण्यासारखा मऊ असू शकतो. हे मी एका संपादकाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, वाचकाला काय, पाणी वर येणार एवढं कळलं की बास.

बास नाही ना पण. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर ना वादळ, ना पाऊस, आणि समुद्र घरांत शिरला. तिकडं याला कळ्ळक्कडल म्हणतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पार दक्षिणेत उठलेल्या लाटा होत्या त्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता दक्षिणेतल्या वादळांवर नजर ठेवून असले इशारे काढते, कारण लाट निघाल्यापासून पोचेपर्यंत हातात चांगले पाच-सहा दिवस असतात. धरणाचे दरवाजे उघडल्यावर आपल्याला तास मिळतात, इथं दिवस मिळतात. मे २०२४ च्या सुरुवातीला असाच इशारा केरळ-तमिळनाडूला होता, मुंबईलाही होता. सांगितलेली उंची ऐकून कुणी घाबरणार नाही अशी, अर्धा ते दीड मीटर. त्याच दिवसांत, ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. उंचीचा आकडा छोटा, पण लाट लांब पल्ल्याची असली की तिच्यामागचं पाणी संपत नाही, ती येतच राहते, आणि परत जाताना तेवढंच ओढून नेते. त्यात भर म्हणजे जवळजवळच्या मापाच्या लाटा एकमेकींत मिसळून त्यांचे गट पडतात. पाच-सहा मोठ्या लाटा, मग काही मिनिटं सगळं थंड, मग पुन्हा. माणूस नेमका त्या थंड मिनिटांत पाण्यात उतरतो.

म्हणून पुतण्या परवा मित्रांबरोबर मालवणला निघाला तेव्हा मी त्याला दारात अडवलं. रंकाळ्यात आणि विहिरीत शिकलेला, पट्टीचा पोहणारा. त्या पोरांना पाण्याची भीती कशी ती नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती. त्याला म्हटलं, वारं नसताना लाटा मोठ्या दिसल्या तर आत जायचं नाही. आधी वीस मिनिटं वाळूत बसायचं. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते मोबाईलवर मोजायचं. बारा-तेराच्या वर गेलं तर गुडघ्याच्या पुढं पाणी नको. इन्कॉइसचा इशारा आहे का ते बघ, आणि तिथल्या मच्छीमारांना विचार, ते लगेच सांगतात. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बॅग गाडीत टाकली आणि मित्रांकडं बघून म्हणाला, “काका, तुम्हीच चला की मोजायला. आम्ही पोहतो.”

मी चपला घातल्या.